समुद्र उजव्या हाताला

पुण्यातला ट्रेकर म्हटला की तो घाटमाथ्याचा. रविवारी पहाटे सिंहगड, पावसात अंधारबन, थंडीत राजगड-तोरणा. मीही त्यातलीच. कर्वेनगरात राहते, फिजिओथेरपिस्ट आहे, आणि आठवडाभर लोकांचे गुडघे बघितल्यावर रविवारी स्वतःचे गुडघे चढावर वापरल्याशिवाय मला बरं वाटत नाही. कोकणात मात्र कायम गाडीनंच गेले. किनारा पाठीवर सॅक घेऊन, चालत, खाड्या ओलांडत बघायचा असतो हे माझ्या डोक्यात घातलं भाचीनं. इंजिनिअरिंगच्या सबमिशन संपल्यावर ती घरी आली आणि म्हणाली, "मावशी, महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून जास्त किनारा आहे आणि आपण त्यातला जेमतेम पार्किंगएवढा पाहिलाय."

हे तिचं बोलणं मला पटलं. फाल्गुन लागला होता, दवाखान्यात सहकारी होती, आणि स्वारगेटहून श्रीवर्धनला एसटी जाते.

आधी सॅकचं सांगते, कारण माझ्याकडे येणारे निम्मे पाठदुखीवाले ट्रेकर सॅकमुळे येतात. किनाऱ्यावर तंबू लागत नाही, प्रत्येक गावात घरगुती राहण्या-जेवण्याची सोय आहे. त्यामुळे दोघींच्याही सॅक सहा-सात किलोच्या आत बसल्या. दोन जोड कपडे, टॉवेलऐवजी पंचा (खाऱ्या हवेत टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही), टोपी, ओआरएसची पाकिटं, प्यायचं पाणी आणि फोन-पैशांसाठी जाड प्लास्टिकची पिशवी. कमरेचा पट्टा घट्ट, खांद्याचे सैल. वजन कमरेवर बसलं पाहिजे, खांद्याला ते फक्त तोलायचं काम. बूट एक जोड, शिवाय मागून पट्टा असलेले सँडल. खडकांवर अनवाणी जायचं नाही. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची कड पात्यासारखी कापते.

ताम्हिणी उतरून माणगाववरून श्रीवर्धन, तिथून हरिहरेश्वर. देवळामागची प्रदक्षिणेची वाट म्हणजे खडकात खोदलेल्या पायऱ्यांवरून थेट समुद्राच्या कडेनं जाणारी वाट. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्यानं तिथला कातळ मधाच्या पोळ्यासारखा पोखरला आहे. ही वाट ओहोटीलाच करायची. भरतीला तिथे पाणी कसं उसळतं हे वरून बघितलं तरी कळतं, आणि त्या जागी माणसं वाहून गेलेली आहेत. आम्ही पोचलो तेव्हा पाणी चढत होतं, म्हणून प्रदक्षिणा दुसऱ्या दिवशीवर टाकली. जिथे उतरलो होतो तिथल्या काकांना विचारलं, उद्या किती वाजता जाऊ? त्यांनी फोन काढला नाही, भिंतीवरचं कालनिर्णयही बघितलं नाही. "उद्या पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला भरती, दहाला सुकती. नवाला निघा."

हा हिशेब मी लगेच वहीत उतरवून घेतला. तिथीला पाऊणनं गुणायचं, येतो तो भरतीचा तास. षष्ठीला सहा पाऊणे साडेचार, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ. सव्वासहा तासांनी ओहोटी (काकांची सुकती), पुढे तेवढ्याच वेळानं परत भरती. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा पहिल्यापासून. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा माथ्यावर येतो आणि पाणी त्याच्या मागून येतं, म्हणून हे गणित जमतं. अंदाज ढोबळ आहे, पाण्यात उतरायचं असेल तर त्या बंदराचं वेळापत्रक बघायलाच हवं. पण दिवसाची आखणी करायला तो पुरतो. शिवाय सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार मागेही जात नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा दोन्ही टोकं लांब.

आता हे चालण्याशी कसं जोडलेलं आहे ते बघा, कारण मला या सगळ्या प्रवासात सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच. आपण कोकणात उत्तरेकडून दक्षिणेकडे चालतो तेव्हा समुद्र सतत उजव्या हाताला असतो. पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, समुद्राकडे उतरती असते. म्हणजे उजवा पाय प्रत्येक पावलाला डाव्यापेक्षा खाली पडतो. अर्धा तास काही जाणवत नाही. दोन तासांनी कमरेची एक बाजू भरून येते, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला ठणका लागतो, आणि माणूस म्हणतो, "वाळूत चालणं काही आपल्याला झेपत नाही." वाळूचा दोष नाही, वेळेचा आहे. भरतीला चालायला उरते ती वरची, मऊ, तिरपी वाळू. पाणी मागे सरलं की खाली जी ओली पट्टी उघडी पडते ती जवळजवळ सपाट असते आणि टणकही. तिथे पाऊल रुतत नाही आणि दोन्ही पाय एका पातळीत पडतात. ओहोटीच्या आधी दोन तास निघायचं, पाणी परत चढायला लागेपर्यंत चालायचं. षष्ठीला हे गणित सकाळी पावणेनऊ ते बारा असं बसतं. त्यानंतर ऊन तापतं, तेव्हा कुणाच्या तरी पडवीत कोकम सरबत घेऊन बसायचं. या एका नियमानं आम्ही दोघी कुठेही न दुखता चाललो. अंतर किती झालं ते मोजलं नाही.

बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोट. सावित्रीची खाडी इथे समुद्राला मिळते. अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी जिल्हा. बोटीवर चारचाक्या, दुचाक्या, शिमग्याला गावी निघालेले मुंबईकर, कोंबड्यांची एक डालगी. गाडीत काच लावून बसलेले लोक फोन बघत होते. मी कठड्याला टेकून उभी होते. मला वाटतं, किनाऱ्याच्या प्रवासात खाडी हाच खरा टप्पा. रस्त्यावर पूल आला की दोन गावं नुसती जोडली जातात. खाडीवर बोटीची वाट बघत उभं राहिलं की पलीकडच्या गावाची भूक लागते.

वेळासला कासवांची पिल्लं पाहिली. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, पण आता ते ओळखलं जातं ऑलिव्ह रिडले कासवांसाठी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथली घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी अंडी सर्रास उचलली जायची. आता मादी अंडी घालून गेली की ती अलगद काढून कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी खड्ड्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात आणि पिल्लं निघाली असतील तर पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात. पाण्यात नाही सोडत, वाळूत. तेवढं अंतर त्यांनी स्वतः कापायचं. दोरीच्या अलीकडे लोक बसलेले, कुणी बोलत नव्हतं. एका पिल्लाला लाटेनं तीनदा मागे ढकललं. चौथ्यांदा ते गेलं.

इथे मला मनापासून सांगायचं आहे: पुळणीवर गाडी घालू नका. एमएच 12 आणि एमएच 14 च्या पाट्या मी इतक्या किनाऱ्यांवर वाळूत चाकं फिरवताना बघितल्या की पुण्याची म्हणून मला वाईट वाटलं. ज्या वाळूत घरटं असू शकतं, जिथे खेकड्यांची बिळं आहेत, जिथे गावातली पोरं खेळतात, तिथे चार चाकांचं काही काम नाही.

केळशीला एसटीनं गेलो. तिथल्या वाळूच्या प्रचंड टेकडीचा अभ्यास आपल्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी केला आहे, आणि ती जुन्या काळातल्या एखाद्या त्सुनामीनं उभी राहिली असावी असं मत त्यांनी मांडलं. पायथ्याशी उभं राहून वर बघितलं की ते मत का सुचलं असेल ते समजतं. तिथून आडे, पाडले करत आंजर्ले. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला वरून गाडीरस्ता जातो, पण गावातून जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढते ती घ्या. दोन्ही बाजूंना आगरं, माडाची सावली, आणि माथ्यावरून सुवर्णदुर्ग समोर. सॅकसकट चढताना पोटऱ्यांना पुन्हा सिंहगडाची आठवण झाली आणि बरं वाटलं.

हर्णैचा मासळीचा लिलाव, मुरूडची सुरूची झाडं, यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, मी लिहीत नाही. मुरूडला मात्र थोडी थांबले. आमच्या कर्वेनगरला ज्यांचं नाव आहे त्या धोंडो केशव कर्व्यांचं बालपण या गावात गेलं. परीक्षेला बसायला ते इथून भर पावसात, घाट चढून, साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. आणि तिथे पोचल्यावर वयानं लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिलं नाही. हे मी शाळेपासून ऐकत आले आहे. पण मुरूडच्या पुळणीवर उभं राहून पूर्वेकडे त्या डोंगररांगेकडे बघितल्यावर त्या चालण्याची लांबी पहिल्यांदा अंगात उतरली. भाचीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आणि परत पण चालतच आले असतील."

कर्दे ते लाडघर, मग दाभोळ, दाभोळहून धोपाव्याला दुसरी फेरीबोट, गुहागर. गुहागरची पुळण सरळसोट, लांबच लांब. चालण्यासाठी मला तीच सर्वांत आवडली. तुतारी पक्ष्यांचे थवे लाट मागे गेली की पुढे धावतात, लाट आली की मागे. आम्ही असगोलीकडे चालत होतो तोवर ते सारखे आमच्या पुढेपुढे.

मग चिपळूण, कोकण रेल्वेनं कुडाळ आणि तिथून मालवण. आता साहसाचं.

मालवणात जेट्टीवर उतरल्याबरोबर स्कूबा, पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड असं पॅकेज हातात येतं. सगळं दोन-तीन तासांत उरकतं. माझं मत स्पष्ट आहे: एका दिवशी एकच गोष्ट करा. पाण्याखाली जाणं हा शरीरासाठी मोठा बदल आहे, तो बनाना राइडनंतर ओल्या अंगानं, धापा टाकत घ्यायचा नसतो.

पहिल्या ठिकाणी आम्हाला नाव आणि फोन नंबर विचारला, बाकी काही नाही. दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, सर्दी आहे का, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का, एकही प्रश्न नाही. शिवाय फोटोत मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात बिस्किटं टाकतो, असं कौतुकानं सांगितलं. आम्ही तिथून निघालो. दुसऱ्या ठिकाणी अर्ज भरून घेतला, सह्या घेतल्या, आणि कमरेएवढ्या पाण्यात अर्धा तास नुसता श्वास घ्यायला लावला. तिथे पैसे जास्त होते. द्यावेत.

आमचा डायव्हर मालवणचाच, घराणं रापणीवर मासे ओढणाऱ्यांचं. त्यानं खुणा शिकवल्या. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. काही बिनसलं तर पंजा आडवा धरून हलवायचा आणि मग कुठे ते बोटानं दाखवायचं. मग म्हणाला, "घाई नाय. कान दुखलो तर खूण कर, थांबया."

कानाचं मी माझ्या पेशंटना समजावते तसं सांगते. कानाच्या पडद्याआड हवेची एक लहानशी पोकळी आहे, ती एका बारीक नळीनं घशाच्या मागच्या बाजूला जोडलेली असते. खाली जाऊ लागलं की बाहेरचं पाणी पडदा आत दाबतं. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, पण कानाला सर्वांत जास्त फरक जाणवतो तो पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच. नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलली की नळी उघडते, टक् असा आवाज होतो आणि दुखणं नाहीसं होतं. दुखायला लागल्यावर करायचं नाही. दुखायच्या आधीपासून, प्रत्येक हात-दीड हाताला करायचं. सर्दी असेल तर नळी सुजलेली असते, ती उघडत नाही, म्हणून सर्दीत डाइव्ह नाही.

हे सगळं मला पाठ होतं, तरीही तोंड पाण्याखाली गेल्यावर छाती आवळली. नाकानं श्वास घ्यायची शरीराची सवय जन्माची आहे. मी डोळे मिटले आणि दवाखान्यात इतरांना सांगते ते स्वतःला सांगितलं: आधी सोड, मग घे. बुडबुडे कानाजवळून खळखळत वर गेले. दुसरा श्वास आला. तिसरा आला. डोळे उघडले तेव्हा डायव्हर समोर होता, वर्तुळाची खूण करून विचारत होता. मी खूण परत केली आणि आम्ही खाली गेलो.

खाली एक कातळ होता, त्याच्यावर पिवळट-तपकिरी प्रवाळ, सपाट पानांसारखे थर. कपारीत काळे समुद्रसाळू, काटे लाटेबरोबर हलत होते. आडव्या काळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या काचेशी येऊन थांबले, बिस्किटाशिवाय. हातभर अंतरावर एक मासा प्रवाळाला तोंड लावून काहीतरी खरवडत होता आणि तो खरवडण्याचा आवाज मला ऐकू आला. तिथे आवाज इतका जवळ येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वर, फार लांब नाही, सिंधुदुर्गाचा तट. कुरटे बेटावर 1664 मध्ये ज्याचं काम सुरू झालं त्या किल्ल्याच्या पायाशी ही सगळी वस्ती आहे, आणि 1987 पासून मालवणचा हा सागरी टापू अभयारण्य आहे. इथे काही उचलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. डायव्हरनं खाली जायच्या आधी हे सांगितलं होतं, आणि खाली गेल्यावर माझा हात पुढे होतोय असं दिसताच त्यानं तो हलकेच धरून मागे घेतला. भरवसा ठेवावा तो अशा माणसावर.

पुणेकरांसाठी एक खास सूचना. स्कूबा करून त्याच रात्रीच्या गाडीनं परत निघू नका. पाण्याखाली दाबामुळे रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडायला हवा. म्हणून विमानात बसण्याआधी निदान 12 तास थांबण्याचा नियम आहे. एका उथळ डाइव्हला धोका फार नसतो. पण आपल्या वाटेत घाट आहे आणि पुणं स्वतः 560 मीटर उंचीवर आहे. एक रात्र किनाऱ्यावर काढा, सोलकढी प्या, झोपा.

पॅरासेलिंग दुसऱ्या दिवशी भाचीनं केलं, मीही केलं. ते पाच मिनिटांत संपतं. पण वरून सिंधुदुर्गाचा तट जसा वळणावळणानं गेलेला दिसतो तसा तो किल्ल्यात फिरताना कळत नाही, एवढ्यासाठी ते जरूर करावं.

माझ्या मनात खरं घर केलं ते वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतल्या कांदळवन सफरीनं. बचत गटातल्या बायका ही होडी चालवतात. इंजिन नाही, वल्हं. पाणी चढायला लागलं की निघायचं, भरतीबरोबर आत जायचं, पाणी उलटलं की त्याच्याबरोबर परत. चिखलातून वर आलेली श्वसनमुळं, फांद्यांना लोंबणारी शेंगांसारखी रोपं, खंड्या. भाचीनं पाण्यात हात सोडला तशी वल्हवणारी ताई म्हणाली, "हात भायेर घे गो, कालवां कापतली." मग तिनं भाचीच्या हाती वल्हं दिलं. भाची कोपरातून ओढत होती. मी तोंड उघडायच्या आत त्या ताईनंच तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की हातानं नाही, अंगानं ओढ. तिनं स्वतः करून दाखवलं: पाठ ताठ, कमरेतून वळणं, खांदा शेवटी. मी वर्षानुवर्षं खांद्याच्या पेशंटना हीच हालचाल शिकवते आहे आणि इतकी बिनचूक मी ती आजवर कुणाची पाहिली नव्हती. तिला तसं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली की सुरुवातीला गावातले लोक विचारायचे, बायकांच्या होडीत कोण बसणार. आता रविवारी जागा मिळत नाही.

मे अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत तिकडचे जलक्रीडेचे सगळे प्रकार बंद असतात आणि सिंधुदुर्गाची होडीही. जायचं तर दसऱ्यानंतर, हवा निवळल्यावर. एसटीला सुट्टीच्या आधी आरक्षण करा, मधल्या गावांना मात्र हात दाखवून गाडी थांबते. रोख पैसे जवळ ठेवा.

आमचा जयगडपासून विजयदुर्गापर्यंतचा मधला तुकडा राहिला आहे. तवसाळहून जयगडला तिसरी फेरीबोट आहे, तिथूनच सुरुवात करायची असं आधी ठरलं होतं, दिवाळीनंतरच्या षष्ठीला. या वेळी माझी ताई, म्हणजे भाचीची आई, पण येणार म्हणते. तिचा उजवा गुडघा जरा कुरकुरतो, त्यामुळे आम्ही विजयदुर्गाकडून उलटं, उत्तरेला चालायचा विचार करतोय. म्हणजे समुद्र डाव्या हाताला राहील.